इंजिन उघडण्याआधी दुसऱ्या मिस्त्रीला दाखवावं का? पिकअपला दीड लाखाचा अंदाज

मोसंबीवाला (अंबड, जि. जालना)

नमस्कार मंडळी. तातडीचं आहे म्हणून नवीन धागा काढतोय.

आमची २०१५ ची डिझेल पिकअप आहे, अडीच लिटर, चार सिलिंडर. वडिलांनी सेकंडहँड घेतलेली. सीझनला आमची आणि भावकीची मोसंबी पाचोडला, जालन्याला नेतो. एरवी शेणखत, कडबा, सिमेंट, मिळेल ते भाडं. घराचा निम्मा खर्च या गाडीवर निघतो.

महिनाभरापासून भरलेली गाडी गरम मारतेय. रिकामी असली की तापमानाचा काटा मध्याच्याही खाली असतो, माल भरून चढाला लागली की सरळ वर जातो. रेडिएटरचं पाणी कमी होतं. सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा धूर निघतो. जालन्यात एका गॅरेजला दाखवली. त्यांनी ऑइलचं झाकण उघडून आतून चिकटलेला दुधट फेस दाखवला. म्हणाले, हेड पॅकिंग (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, हेडला तडा असणार, पाणी ऑइलमध्ये उतरलं म्हणजे बेरिंगही गेल्याच समजा. हेड, लायनर (सिलिंडरची आतली नळी)-पिस्टन, बेरिंग, लेथ, मजुरी मिळून १,४२,००० चा अंदाज कागदावर लिहून दिलाय. ६० हजार आगाऊ दिले की इंजिन उतरवतो म्हणतात. गाडी तिथंच उभी आहे.

वडील म्हणतात, माणूस नावाजलेला आहे, त्याच्यावर संशय कशाला घ्यायचा. मलाही संशय घ्यायचा नाही. पण दीड लाख म्हणजे आमच्या बागेचा यंदाचा पैसा आहे. दुसऱ्याला दाखवणं बरोबर दिसेल का? आणि दाखवायचं तर कसं?

शहागडकर

दादा, आधी फोन लाव आणि सांग की आमचा निरोप येईपर्यंत इंजिनाला पाना लावू नका. आगाऊ पैसेही देऊ नको. हेड एकदा खाली आलं की दुसऱ्याला दाखवण्यासारखं निम्मं उरतच नाही.

मग इथं एवढं लिही: त्यांनी झाकण बघण्याशिवाय काय तपासलं? दाब मोजायचं गेज लावलं का? डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरचं) ऑइल कसं दिसतं, काळंच आहे की चहासारखं? आणि रेडिएटरमध्ये कोणतं पाणी घालता?

मोसंबीवाला

फोन केला. "बघा तुमच्या मनानं" म्हणाले, पण थांबलेत.

तपासलं म्हणाल तर झाकण उघडलं, इंजिन चालू करून रेस केलं, धूर बघितला. गेज वगैरे लावलेलं मी तरी पाहिलं नाही. डिपस्टिकचा फोटो भावानं काढला होता, त्यात ऑइल काळंच दिसतंय. पाणी शेतातल्या बोअरचं घालतो. कूलंट घेतली तेव्हापासून कधी टाकलं नाही.

जुना_फिटर (वाळूज)

वाळूजच्या कारखान्यांत आणि नंतर स्वतःच्या शेडमध्ये, डिझेल इंजिनांतच माझी उमर गेली. तुझं वाचून लिहिल्याशिवाय राहवेना.

त्या गॅरेजवाल्याचं निदान खोटं आहे असं मी इथं बसून म्हणणार नाही. तू सांगितलेली सगळी लक्षणं हेड पॅकिंगची असू शकतात. पण त्यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या, स्वस्त कारणानंही दिसतं, आणि ते वेगळं करायला चाचण्या असतात. दीड लाखाचं काम सांगणाऱ्यानं चाचणी केलीच पाहिजे. तू किमतीवर घासाघीस करू नको. एवढंच विचार, "कोणत्या चाचणीवरून म्हणताय, आणि ती माझ्यासमोर परत करता का?"

झाकणाखालच्या फेसाचं बघ. पॅकिंग फुटून पाणी ऑइलमध्ये उतरलं की सगळं ऑइल बिघडतं. डिपस्टिकवर दूध घातलेल्या कॉफीचा रंग येतो आणि ऑइलची पातळी वाढते. तुझी स्टिक काळी आहे. नुसत्या झाकणाला फेस आणि खाली ऑइल चांगलं, हे थंडीच्या दिवसांत जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नेहमी दिसतं. इंजिन नीट तापत नाही, आतली वाफ थंड झाकणाला धरते आणि ऑइलच्या धुराशी मिसळून फेस होतो. तरी खात्री हवी असेल तर स्टिकवरचा ऑइलचा थेंब तापलेल्या पत्र्यावर टाक. पाणी असेल तर तडतडतो, नसेल तर नुसता धुरतो. गाडीपासून आणि डिझेलपासून लांब करायचं हे.

पांढऱ्या धुराचा वास घ्या. डोळ्याला झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असेल आणि गाडी तापल्यावर धूर बंद होत असेल तर ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारा) किंवा नोझल (डिझेल फवारणारं) बघायचं. पाणी जळत असेल तर धूर गोडसर किंवा बिनवासाचा वाफेसारखा असतो आणि गाडी तापली तरी थांबत नाही.

आता खरी तपासणी. थंड इंजिनावर रेडिएटरच्या तोंडाला हातपंपाचं गेज लावतात आणि झाकणावर लिहिलेल्या दाबाएवढी हवा भरतात. बहुतेक गाड्यांना ०.९ ते १.१ बार असतो. दहा-पंधरा मिनिटं काटा हलला नाही तर गळती नाही. काटा पडला तर ओल कुठं दिसते ते शोधायचं. बाहेर कुठंच ओल नाही आणि काटा पडतोय, तेव्हा आत संशय घ्यायचा. त्याच गेजवर रेडिएटरचं झाकणही तपासता येतं. झाकण फार महत्त्वाचं बरं का! १ बार दाब टिकला तर पाणी साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग ढिली पडली की शंभराच्या जरा वरच उकळून बाहेर पडतं आणि आपण म्हणतो गाडी पाणी खाते.

दुसरी निळ्या द्रावणाची. रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी ठेवतात, त्यात निळं द्रावण असतं. सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात येत असेल तर ते हिरवट-पिवळं होतं. डिझेलला ही चाचणी घाईनं करू नये, इंजिन पूर्ण तापवून, रेस देऊन करावी.

तिसरी कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजायची. डिझेलला ग्लो प्लगच्या किंवा नोझलच्या जागेतून गेज लावतात. पेट्रोलचं गेज चालत नाही, ते फुटेल. चांगल्या डिझेल इंजिनात २५ ते ३० बारच्या आसपास येतं, नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. आकड्याइतकंच चारही सिलिंडर एकसारखे आहेत का हे बघायचं. शेजारशेजारचे दोन पडले असतील तर त्या दोघांमधलं पॅकिंग फुटलेलं असण्याची शक्यता मोठी.

तुझ्या पोस्टमध्ये मला जास्त खटकलं ते रिकाम्या गाडीचा काटा मध्याच्या खाली राहतो हे. थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह (तापमान बघून रेडिएटरकडं पाणी सोडणारा) जागेवर असेल तर काटा मध्याजवळ येऊन थांबायला पाहिजे. आपल्याकडं "गरमीचा मुलूख आहे, व्हॉल्व्ह कशाला" म्हणून कितीतरी मिस्त्री तो काढून फेकतात. गाडी सेकंडहँड आहे, तेव्हा हे आधी बघ.

गाडी तोवर चालवू नको. भरलेली तर नकोच. पॅकिंग चांगलं असलं तरी उकळत्या इंजिनावर हेड वाकायला वेळ लागत नाही.

गॅरेजवाला_परभणी

फिटरकाकांनी चाचण्या बरोबर सांगितल्या. आमची बाजूही ऐका.

गेज लावणं, ग्लो प्लग काढणं, इंजिन तापवून बघणं यात अर्धा दिवस जातो. गिऱ्हाईक म्हणतं, "नुसतं बघायचेही पैसे?" मग गॅरेजवाला अनुभवावरून सांगून मोकळा होतो, आणि आपल्याला तोटा नको म्हणून जास्तीचं काम धरून अंदाज देतो. तेव्हा दुसऱ्याकडं जाताना आधीच बोला की तपासणीचे पैसे वेगळे देतो, काम तुम्हाला मिळेलच असं नाही. सरळ तपासणारा यावर राजी होतो.

पहिल्यानं काय सांगितलं ते दुसऱ्याला सांगू नका. "गरम मारते, पाणी कमी होतं, बघून सांगा" एवढंच बोला. हेड पॅकिंग हा शब्द तुमच्या तोंडून गेला की तो तिथूनच सुरुवात करतो. जमलं तर इंजिन बांधण्याचं काम न करणारा माणूस गाठा. जालन्यात पंप-नोझलची चांगली वर्कशॉपं आहेत, त्यांच्याकडं डिझेलचं गेज असतं आणि तुमचं हेड उतरवण्यात त्यांचा काही फायदा नसतो.

अनुराधा_बीड

आमच्या दोन टुरिस्ट गाड्या बीड-पुणे चालतात. एक सांगावंसं वाटतं, दुसरा सल्ला म्हणजे स्वस्त सल्ला असं मनात धरून जाऊ नका.

आमच्या एका गाडीला पहिल्यानं हेड पॅकिंग सांगितलं, आम्ही दुसरीकडं तपासलं, तिथंही निळं द्रावण आमच्यासमोर पिवळं झालं. पहिल्याचं बरोबर होतं. आम्ही परत त्यांच्याकडंच जाऊन काम केलं आणि ते मनानं पटून केलं. तिसरा, चौथा शोधत बसलो नाही. माझ्या चुलत दिरांनी मात्र "पॅकिंग नाही" म्हणणारा मिस्त्री सापडेपर्यंत गाडी फिरवली आणि मांजरसुंब्याच्या घाटात हेडला तडा गेला. तपासणीचा निकाल आला की तो मानायचा.

ॲड_लातूर

कायद्याचं थोडक्यात लिहिते, कारण गाडी दुसऱ्याच्या ताब्यात आहे.

गाडी बाहेर काढताना त्यांनी जेवढी तपासणी केली तिचे रास्त पैसे देऊन टाका आणि पावती घ्या. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे वस्तूवर कौशल्याचं किंवा मेहनतीचं काम केलेल्याला त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. न केलेल्या कामासाठी किंवा आगाऊ रकमेसाठी अडवता येत नाही. गाडी दुसऱ्याकडं देताना ओडोमीटरचा, इंजिनाचा आणि गाडीतल्या सामानाचा फोटो काढा.

पुढं काम कुणाकडंही करा, अंदाजात प्रत्येक भागाचं नाव, तो मूळ कंपनीचा की बाजारातला, आणि मजुरी वेगळी लिहून घ्या. "विचारल्याशिवाय जास्तीचं काम करू नये आणि काढलेले जुने भाग परत द्यावेत" ही ओळ अंदाजावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. तोंडी बोलणं व्हॉट्सॲपवर परत लिहून पाठवा.

वाद झालाच तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. पिकअपवर भाडं मारता म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं कुणी म्हटलं तर घाबरू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वापर असेल तर ग्राहक म्हणून दाद मागता येते. तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगात करायची, आणि दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर फोन करून बघा. अशा प्रकरणात इंजिन उघडण्याआधीचा दुसऱ्या तज्ज्ञाचा लेखी अहवाल फार कामाला येतो.

मोसंबीवाला

सगळ्यांचे आभार. तपासणी झाली, सविस्तर लिहितो.

पहिल्या गॅरेजला वडील स्वतः गेले. "एवढा खर्च आहे, एकदा बाहेर तपासून येतो, काम असलं तर तुमच्याकडंच आणतो," म्हणाले आणि बघण्याचे पैसे दिले. माणसानं काही वाकडं घेतलं नाही. तिथून टोचन लावून गाडी जालन्यातच पंप-नोझलचं काम करणाऱ्या एका उस्तादांकडं नेली. परभणीच्या दादांनी सांगितलं तसं नुसती लक्षणं सांगितली.

उस्तादांनी रात्रभर गाडी थंड होऊ दिली. सकाळी मला समोर उभं केलं आणि डिपस्टिकचा थेंब पत्र्यावर टाकला. तडतडला नाही. मग रेडिएटरला गेज लावून एक बारपर्यंत हवा भरली. काटा अगदी सावकाश खाली यायला लागला. मला धस्स झालं. त्यांनी टॉर्च हातात दिला आणि वॉटर बॉडीच्या (पाण्याच्या पंपाच्या) खालचं बारीक छिद्र दाखवलं. तिथं थेंब धरत होता, पडत होता, परत धरत होता. खाली चेसिसवर जुन्या गळतीचे पांढरे ओघळ वाळलेले होते. म्हणाले, पाणी इथून जातंय, चालत्या गाडीत वाऱ्यानं वाळतं म्हणून खाली थारोळं दिसत नाही. झाकण तपासलं तर अर्ध्या बारलाच सोडत होतं.

थर्मोस्टॅटचं घर उघडलं. आत व्हॉल्व्हच नव्हता. फिटरकाका, तुम्ही गाडी न बघता सांगितलं होतं!

निळं द्रावण गाडी चांगली तापवून, रेस देऊन बघितलं, निळंच राहिलं. ग्लो प्लग काढले तेव्हा एक जळालेला निघाला, सकाळचा धूर त्याचा. ग्लो प्लगच्याच जागांतून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं, बारमध्ये: २६, २७, २६, २६. रेडिएटर काढून पाणी सोडलं तर खालच्या नळ्यांतून धारच येईना. तोंडाशी बोट घातलं तर खरखरीत पांढरा थर हाताला लागला, आमच्या घरच्या हंड्याच्या बुडाला बसतो तसाच.

नवीन रेडिएटर, वॉटर बॉडी, व्हॉल्व्ह, झाकण, ग्लो प्लग, होज, कूलंट आणि मजुरी धरून २४ हजारांच्या आत बसतंय. तपासणीचा कागद त्यांनी आकड्यांसकट सही करून दिलाय. काम पूर्ण झालं की भरून चालवून बघतो.

एक कळलं नाही. व्हॉल्व्ह नसल्यावर गाडी थंड राहायला पाहिजे ना? मग चढाला गरम कशी होत होती?

जुना_फिटर (वाळूज)

छान काम करवून घेतलंस.

व्हॉल्व्हचं असं असतं. बऱ्याच इंजिनांत तो दोन दारं सांभाळतो. इंजिन थंड असताना रेडिएटरचं दार बंद आणि बायपासचं उघडं, म्हणजे पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं. साधारण ८२ अंशांच्या पुढं तो रेडिएटरचं दार उघडतो आणि खालच्या चकतीनं बायपास बंद करतो. व्हॉल्व्ह काढून फेकला की बायपास कायमचा उघडा राहतो. रिकाम्या गाडीत उष्णता कमी, तेव्हा इंजिन गारच राहतं, म्हणून काटा खाली आणि झाकणाला फेस. भरून चढाला लागलास की सगळं पाणी रेडिएटरमधून जायला पाहिजे, पण त्यातलं बरंचसं न थंड होताच बायपासनं परत इंजिनात येतं. त्यात तुझा रेडिएटर आतून चोंदलेला, मग पाणी सोपी वाट धरणारच. वर अर्ध्या बारला सोडणारं झाकण आणि वॉटर बॉडीची गळती. तीन-चार लहान दुखणी एकत्र आली आणि बाहेरून एक मोठं दुखणं दिसलं.

तो थर बोअरच्या पाण्यातल्या चुन्याचा. आपल्याकडं बोअरचं पाणी जड आहे, ते रेडिएटरला कधीच घालू नये. कूलंट गोठू नये म्हणून असतं, आपल्याला काय गरज, असं लोक म्हणतात. आपल्याला त्याची गरज गंज आणि थर धरू नये म्हणून. कंपनीनं सांगितलेलं कूलंट घे, डिस्टिल्ड वॉटरमध्ये एकास एक मिसळ, नाहीतर तयार मिसळलेलं आण. जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर टाकी उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) होतं, ॲल्युमिनियमचा असेल तर त्याच्या नादी लागू नको.

इंजिन ब्लॉकमध्येही थर असणार. नवीन रेडिएटर लावण्याआधी सिस्टीम फ्लश करून घे, नाहीतर तोच कचरा नव्या नळ्यांत जाऊन बसेल. आणि भरून चालवल्यावर थंड गाडीवर गेज परत एकदा लाव. इतके दिवस गरम झालेली गाडी आहे, पॅकिंग आज चांगलं आहे म्हणून नंतरची तपासणी सोडू नको.

उदगीरकर

धागा वाचतोय, पण माझी अडचण पुढची आहे. माझ्या डिझेल कारचं हेड गॅरेजवाल्यानं उतरवलंय आणि आता म्हणतो हेड नवीन लागेल, लायनर-पिस्टनही बदला. आता कॉम्प्रेशन कसं बघणार? दुसरा सल्ला घ्यायची वेळ गेली का?

लेथवाला_लातूर

गेली नाही. आता सल्ला मिस्त्रीचा घेऊ नका, मापाचा घ्या.

हेड स्वतः उचलून लेथवर न्या, गॅरेजवाल्यालाही सोबत घ्या. हेडवर सरळपट्टी उभी, आडवी आणि तिरकी ठेवून खाली फीलर गेजची (ठरलेल्या जाडीच्या पट्ट्यांची) पात घालून बघायची. बहुतेक हेडना ०.०५ ते ०.१० मिलिमीटरपर्यंतच वाक चालतो, तुमच्या इंजिनाची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा. त्यापुढं असेल तरी लगेच नवीन हेड लागत नाही. बऱ्याचदा मशीनवर पृष्ठभाग घासून (फेस मारून) सरळ होतं, फक्त उंची ठरलेल्या मापाखाली जाता कामा नये. तडा आहे का हे नुसत्या डोळ्यानं ठरवू देऊ नका. पाण्याच्या वाटा बंद करून, हेड गरम पाण्यात बुडवून आत हवा भरतात, तडा असेल तिथून बुडबुडे येतात. थंड हेडमध्ये बारीक तडा दिसत नाही, म्हणून पाणी गरमच पाहिजे.

लायनरला बोअर गेज (आतला व्यास मोजायचं) लावायला सांगा, वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी. आतल्या भिंतीवर होनिंगच्या (बनवताना घासून मारलेल्या) तिरक्या रेघा अजून दिसत असतील, ओरखडा नसेल आणि माप मर्यादेत असेल तर लायनर-पिस्टन बदलायचं कारण काय, ते गॅरेजवाल्याला कागदावर लिहून मागा.

हेड बोल्ट नवीन घ्या. बऱ्याच इंजिनांचे बोल्ट ताणले जातात, ते परत वापरत नाहीत. पॅकिंगची जाडी पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून ठरवायची. लायनर-पिस्टन तेच राहिले तर जुन्यावरच्या खाचा किंवा भोकं बघून जुळवता येते, म्हणून जुनं पॅकिंग फेकू देऊ नका. आजच ताब्यात घेऊन ठेवा.